मुलगा २ वर्षांसाठी जर्मनीला जातो आहे : टाइप वन मधुमेह सोबत घेऊन जाण्याची तयारी कशी करावी?

प्रश्न : घाटंजी तालुक्यातील शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझ्या मुलाला तो ९ वर्षांचा असताना टाइप वन मधुमेह निघाला. त्या आठवड्यात त्याची तहान भागत नव्हती, उलट्या होत होत्या, आणि गावाजवळच्या एका दवाखान्यात पोटाचा बिघाड समजून दोन दिवस सलाइन लावले गेले. तिसऱ्या दिवशी श्वास जोरात चालू लागला तेव्हा आम्ही त्याला जीपने यवतमाळला नेले, आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी रक्तातील साखर तपासली. तेव्हापासून १४ वर्षे इन्सुलिन आमच्या घरात मिठाइतकेच नित्याचे झाले आहे.

आता तो २३ वर्षांचा असून अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर येत्या सप्टेंबरअखेर पुढील शिक्षणासाठी जर्मनीतील ड्रेस्डेन या शहरात जाणार आहे. धामणगावहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, मुंबईहून विमान, मध्ये एकदा विमान बदलणे, असा हा प्रवास घरातून निघाल्यापासून दीड दिवसाच्या वर जाईल. सध्या तो रात्री ९ वाजता ग्लार्जिनचे, म्हणजे दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचे, २० युनिट पेनने घेतो आणि तिन्ही जेवणांपूर्वी मिळून साधारण २५ युनिट साधे इन्सुलिन बाटलीतून सिरिंजने घेतो. बाटली ४० ताकदीची आहे आणि सिरिंज लाल टोपणाची.

उन्हाळ्यात वीज गेली की आम्ही इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात जपत आलो आहोत. बाहेर ४५ अंश असताना त्या माठाने आम्हाला कधी दगा दिला नाही. परंतु विमानात, परक्या देशात आणि भाड्याच्या खोलीत हे कसे जमवावे, किती औषध सोबत द्यावे, सुया पाहून विमानतळावर अडवतील काय, घड्याळ बदलल्यावर रात्रीच्या इन्सुलिनचे काय करावे, आणि तिकडे पोहोचल्यावर औषध मिळेपर्यंतचा काळ कसा निभवावा, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. एजंटने व्हिसासाठी प्रवास विमा काढून दिला आहे. तो पुरेसा आहे काय?

आणखी एक गोष्ट लिहिते. इतक्या वर्षांत मी रात्री २ वाजता उठून त्याच्या कपाळाला हात लावला नाही अशा रात्री मोजक्याच असतील. कपाळ घामाने ओले लागले तर साखर उतरलेली असते, हे मला मीटरच्या आधी कळते. तिथे हे कोण पाहणार, हा माझा सर्वांत मोठा प्रश्न आहे.

उत्तर : औषधविक्रेता, हिंगणघाट

ताई, माझे २२ वर्षांपासून औषधाचे दुकान आहे. आपल्या पत्रात ज्या गोष्टीबद्दल आपण प्रश्न विचारलेला नाही तीच मला सर्वांत धोक्याची वाटते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

आपल्याकडे बाटलीत मिळणारे साधे इन्सुलिन बहुधा ४० ताकदीचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधील कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिनची छोटी नळी, मात्र १०० ताकदीचे असते, आणि परदेशात सर्वत्र मुख्यतः १०० ताकदीचेच इन्सुलिन चालते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आखलेली आहे, नारिंगी टोपणाची १०० साठी. समजा तिकडे एखाद्या दिवशी पेन बिघडला, कोणीतरी १०० ताकदीची बाटली दिली, आणि आपल्या मुलाने सवयीने लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर त्याच्या अंगात १० ऐवजी २५ युनिट जातील. उलट झाले, म्हणजे ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर १० च्या जागी केवळ ४ युनिट जातील. पहिल्या चुकीने माणूस तासाभरात बेशुद्ध होऊ शकतो. ही चूक हुशार मुलांच्या हातूनही होते, कारण हात १४ वर्षांच्या सवयीने चालतो, डोळे बाटलीवरचा आकडा वाचत नाहीत.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की जेवणाचे इन्सुलिनही आत्ताच, घरी असतानाच, पेनवर आणावे. डॉक्टरांशी बोलताना हेही विचारावे की साधे इन्सुलिनच कार्ट्रिजमधून चालू ठेवायचे की अस्पार्ट किंवा लिस्प्रो यांसारख्या जलद इन्सुलिनवर जायचे. साधे इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे लागते आणि त्याचा असर ६ ते ८ तास रेंगाळतो. जलद इन्सुलिन जेवायला बसण्याच्या थोडे आधी घेतात आणि ते ३ ते ५ तासांत ओसरते. त्यामुळे दुपारचे खाणे, रात्रीची साखर, सगळेच थोडे बदलते. हा बदल निघण्याच्या निदान २ महिने आधी व्हायला हवा, म्हणजे त्यातील खाचखळगे आपल्या स्वयंपाकघरात कळतील.

आता किती न्यावे याचा हिशेब. दिवसाला ४५ युनिट धरले तर ९० दिवसांचे ४०५० होतात. पेनने प्रत्येक वेळी टोचण्यापूर्वी २ युनिट हवेत सोडून सुई तपासायची असते. दिवसातून ४ वेळा म्हणजे ८ युनिट, ९० दिवसांत ७२०. एकूण ४७७०. एका ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात, म्हणजे १६ कार्ट्रिज लागतील. आजारपणात इन्सुलिन वाढते आणि एखादे कार्ट्रिज वाया जाते, हे धरून १८ ते २० द्यावीत, दोन्ही प्रकार मिळून. जर्मनीत प्रवाशाला स्वतःपुरते साधारण ३ महिन्यांचे औषध सोबत नेता येते, त्यामुळे त्याहून फार जास्त देण्याचा मोह टाळावा. नंतर कुरिअरने पाठवू असेही मनात धरू नये. औषधाचे खासगी पार्सल तिकडच्या सीमाशुल्कात अडकते. पेन दोन प्रकारचे आणि प्रत्येकाचा एक जादा, मीटर दोन, दिवसाला ६ तपासण्या धरून पट्ट्यांच्या ५० च्या ११ डब्या, आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीरात साठणारे आम्ल) तपासण्याच्या पट्ट्या एवढे सोबत असावे. नारिंगी टोपणाच्या ५ सिरिंज अडीअडचणीसाठी द्याव्यात.

हे सगळे हातातल्या सामानात न्यायचे, चेक-इनच्या बॅगेत एकही कार्ट्रिज टाकायचे नाही. विमानाच्या पोटात सामान गोठण्याइतके थंड होऊ शकते, शिवाय बॅग हरवली तर सारेच हरवते. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामी असते, आणि दिसायला मात्र ते पूर्वीसारखेच दिसू शकते. न उघडलेले कार्ट्रिज २ ते ८ अंशांत ठेवायचे. चालू असलेले ३० अंशांच्या आत साधारण ४ आठवडे टिकते. प्रवासासाठी पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी मिळते. तिचे तत्त्व आपल्या माठाचेच आहे, पाणी उडते आणि आतले गार राहते. बर्फाची पिशवी वापरायचीच असेल तर ती टॉवेलात गुंडाळावी, कार्ट्रिजला थेट लागू देऊ नये.

सुयांबद्दल काळजी नको. डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र हवे, त्यात कंपनीच्या नावाऐवजी ग्लार्जिन, अस्पार्ट अशी मूळ नावे, पेन, सुया, मीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या-पावडर यांचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि मुलाचे नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने हवे. हातातल्या सामानातील द्रवासाठीचा १०० मिलिलिटरचा नियम औषधाला लागू होत नाही, पण ट्रे पुढे करण्याआधीच पिशवी वेगळी काढून सांगावे.

उत्तर : मूळ गाव मोर्शीजवळ, शिक्षण लाइपझिग

काकू, मला टाइप वन मधुमेह १३ व्या वर्षापासून आहे आणि मी लाइपझिगला अडीच वर्षे राहिले. ड्रेस्डेन तिथून जवळच, त्याच राज्यात आहे, म्हणून माझा अनुभव आपल्या उपयोगी पडेल असे वाटते.

पहिली गोष्ट मीटरची. जर्मनीच्या पूर्व भागात साखर आपल्यासारखी मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत, मिलिमोलमध्ये मोजतात. डॉक्टर ‘साडेपाच’ म्हणाले की आपल्या मनाला तो आकडा कशाचाच वाटत नाही. त्याला १८ ने गुणावे, म्हणजे ९९. पहिल्या महिन्यात मी दारावर एक कागद चिकटवला होता : ३.९ म्हणजे ७०, १० म्हणजे १८०, १५ म्हणजे २७०. आपला मीटर सोबत नेला तरी तिकडे मिळणारा मीटर दुसऱ्या मापाचा असू शकतो, आणि रात्री अर्धवट झोपेत २० हा आकडा पाहून साखर उतरली असे समजणे सोपे आहे. प्रत्यक्षात ती ३६० असते.

प्रवासाच्या दिवसाबद्दल. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. सप्टेंबरअखेर जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे घरचे रात्रीचे ९ तिथे सायंकाळचे साडेपाच असतात. माझ्या डॉक्टरांनी मला सांगितले होते की प्रवासात एक घड्याळ भारताच्या वेळेवर ठेव, ग्लार्जिन त्याच घड्याळाने घे, आणि पोहोचल्यावर रोज एक-एक तास पुढे सरकवत सोयीच्या वेळेवर आण. आपल्या मुलाचे वेळापत्रक त्याच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळ आणखी एक तास मागे घेतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. विमानात जेवणाचे इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नये. हवा खराब झाली की वाढणे मध्येच थांबवतात. टोचून झाल्यावर सुई पेनवर ठेवू नये, विमानातील दाब बदलताना कार्ट्रिजमध्ये हवा शिरते.

उन्हापासून इन्सुलिन कसे वाचवायचे हे आपल्याकडे लहान मूलही सांगेल, पण गारठ्यापासून वाचवायचे असते हे मला तिथे जाऊन शिकावे लागले. जानेवारीत पारा शून्याच्या खाली जातो. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून मी एकदा ४ कार्ट्रिज खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर डब्यात ठेवली, कारण बाहेर फ्रिजइतकेच थंड आहे असे मला वाटले. दुसऱ्या दिवसापासून साखर ३०० च्या खाली येईना. कारण कळायला दोन दिवस गेले. तेव्हापासून बाहेर पडताना पेन कोटाच्या आतल्या खिशात, अंगालगत, आणि सामायिक फ्रिजमध्ये मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकता. बोटे गारठली असतील तर रक्ताचा थेंबही नीट येत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन तपासावे.

पहिल्या दोन आठवड्यांत माझी साखर रोज उतरत होती. कारण साधे होते : गावी मी स्कूटीवर फिरत असे, तिथे दिवसाला ८ ते १० किलोमीटर पायी होत होते, खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इन्सुलिन कमी करावे लागले. खाण्याचेही तसेच. भाकरीचा अंदाज आपल्या हाताला असतो, ब्रेडचा नसतो. आईने मला स्वयंपाकघराचा छोटा वजनकाटा दिला होता, तो मी आजही वापरते. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदके येतात, हे आम्ही घरी तोलून ठरवले होते. जर्मनीत प्रत्येक पाकिटावर १०० ग्रॅममागे कर्बोदके छापलेली असतात, त्यामुळे काटा असला की हिशेब आपल्यापेक्षाही सोपा होतो. दारूबद्दल आपण मुलाशी मोकळेपणाने बोलावे अशी माझी विनंती आहे. मद्य यकृताला साखर सोडू देत नाही, त्यामुळे साखर झोपेत, काही तासांनंतर उतरते, आणि मित्रांना तो केवळ प्यायला आहे असे वाटते.

रूममेटला पहिल्याच दिवशी सांगावे. मी माझ्या पाकिटात जर्मन भाषेत लिहिलेली चिठ्ठी ठेवत असे आणि दोन वाक्ये तोंडपाठ केली होती : ‘इश हाबे डियाबेटेस ट्यूप आइन्स’ आणि ‘इश ब्राउखे त्सुकर’, म्हणजे मला टाइप वन मधुमेह आहे आणि मला साखर हवी आहे. रुग्णवाहिकेसाठी ११२ हा क्रमांक आहे. जीवावरचे नसेल पण दवाखाने बंद असतील तर ११६११७.

आपला रात्रीचा प्रश्न माझ्या आईचाही होता. दंडावर लावायचा सेन्सर साखर सतत मोजतो, ती उतरू लागली की फोन वाजतो, आणि आकडे घरच्या फोनवरही दिसू शकतात. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टरांच्या शिफारशीवरून तिकडचा सरकारी आरोग्य विमा सेन्सर देतो. आपण मोर्शीत, मुलगी लाइपझिगमध्ये, आणि तरी रात्री ती कशी आहे हे दिसते, यामुळे आईला दोन वर्षे झोप लागली.

उत्तर : शेतकरी, वरोरा

नमस्कार बाई. माझ्या मुलीला हाच आजार आहे आणि तीही जर्मनीत शिकली. आमच्या हातून झालेली एक चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून लिहितो.

एजंटने काढून दिलेला प्रवास विमा मधुमेहाचा खर्च देत नाही. आधीपासूनचा आजार त्यात वगळलेला असतो. तो व्हिसापुरता आणि पहिल्या काही दिवसांपुरता समजावा. जर्मनीत ३० वर्षांखालील विद्यार्थ्याला विद्यापीठात नाव नोंदवल्यावर सरकारी आरोग्य विम्यात जाता येते, आणि तो विमा आजार पाहून कोणाला नाकारत नाही. दरमहा १४० ते १५० युरोंच्या आसपास हप्ता असतो, आणि त्यानंतर प्रत्येक औषधामागे ५ ते १० युरो एवढेच स्वतःचे जातात. माझी मुलगी आधी भाषेच्या अभ्यासक्रमाला गेली. त्या काळात हा विद्यार्थी विमा मिळत नाही, म्हणून खासगी घेतला. पुढे विद्यापीठात नाव नोंदवताना एका विमा दलालाने, हप्ता निम्म्याहून कमी आहे असे सांगून, सरकारी विम्यातून सूट मागणाऱ्या अर्जावर तिची सही घेतली. ती सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. खासगी विम्याने जुना आजार म्हणून हात वर केले, आणि पोरीने दोन वर्षे इन्सुलिनचे पैसे हॉटेलात भांडी धुऊन भरले. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, मला काही पाठवता आले नाही. आपल्या मुलाला एवढे बजावून सांगा की पहिल्या तीन महिन्यांत कोणीही विम्याच्या सूटपत्रावर सही मागितली तर करायची नाही.

दुसरे, आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिकडच्या औषध दुकानात चालत नाही. तिथल्याच डॉक्टरांकडून औषध लिहून घ्यावे लागते, आणि मधुमेहाच्या तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडे लागतात. म्हणून विमा कार्डाचा कागद हाती येताच, पहिल्याच आठवड्यात, जवळच्या साध्या डॉक्टरांकडे नाव घालावे. ३ महिन्यांचे औषध आहे म्हणून डिसेंबरपर्यंत थांबू नये.

सेन्सरच्या आकड्यांबद्दल मात्र मोर्शीच्या ताईंहून माझे मत वेगळे आहे. आम्हीही मुलीचे आकडे पाहत होतो. मी शेतावर असलो तरी दर दहा मिनिटांनी फोन काढायचो, आणि जेवणानंतर २२० दिसले की फोन करायचो. एक दिवस ती म्हणाली, ‘बाबा, मी वर्गात असते, मला माहीत असते, तुम्ही फोन केला की माझी साखर आणखी वाढते.’ तेव्हा ठरवले की ६० च्या खाली गेली आणि १५ मिनिटांत वर आली नाही, तरच आम्ही फोन करायचा, आणि तिने उचलला नाही तर रूममेटला करायचा. बाकीचे आकडे तिचे. हे ठरवायला आम्हाला ८ महिने लागले. आपण निघण्याआधीच ठरवून घ्या.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी मुलाला वाचायला दिली आणि नंतर आम्ही दोघे मिळून यवतमाळला डॉक्टरांकडे जाऊन आलो. या सोमवारपासून जेवणाचे इन्सुलिन अस्पार्टच्या पेनवर आले आहे. पहिल्या तीन दिवसांत सायंकाळी ५ च्या सुमारास साखर वाढलेली दिसली, कारण दुपारचे जुने इन्सुलिन त्या वेळेपर्यंत पुरत असे. आता चहाबरोबरच्या खाण्यासाठी वेगळे इन्सुलिन घ्यायचे ठरले आहे. हे ड्रेस्डेनमध्ये कळण्याऐवजी इथे कळले, याचे समाधान वाटते. डोळ्यांची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणीही करून घेतली. आजारपणात काय करायचे, तो कागद डॉक्टरांनी स्वतः लिहून दिला : उलट्या झाल्या, जेवण गेले नाही, तरी ग्लार्जिन बंद करायचे नाही, कीटोन तपासायचे, आणि ते वाढलेले असून पाणीही पोटात राहत नसेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

मी आणखी एक गोष्ट सुरू केली आहे. पोळ्यापर्यंत आठवड्यातून ५ रात्री मी त्याच्या खोलीत जाणार नाही. तो २ चा गजर लावून स्वतः तपासतो आणि आकडा वहीत लिहितो, मी सकाळी पाहते. पहिल्या रात्री मी दाराशी उभी होते, हे कबूल करते. चौथ्या रात्री त्याने ६२ लिहिले होते, पुढे ‘३ चमचे ग्लुकोज, १५ मिनिटांनी ९४’ असे लिहिले होते, आणि मला काहीच ऐकू आले नव्हते.

हिंगणघाटच्या भाऊंना एक विचारायचे आहे. घरात ४० ताकदीच्या ७ बाटल्या आणि लाल टोपणाच्या सिरिंजचे दोन डबे उरले आहेत. अडचणीला असाव्यात म्हणून थोड्या त्याच्या सामानात ठेवू काय?

उत्तर : औषधविक्रेता, हिंगणघाट

नाही ताई, एकही ठेवू नका. अडचणीच्या वेळी, घाईत, अंधारात हाताला जी सिरिंज लागेल तीच माणूस वापरतो. बाटल्यांची मुदत शिल्लक असेल आणि त्या नीट थंड राहिल्या असतील तर आपल्या डॉक्टरांकडे जमा करा. आपल्या तालुक्यात ४० ताकदीवर असलेले आणखी एखादे मूल नक्की असेल. सिरिंजही त्याच बाटल्यांसोबत द्या, वेगळ्या देऊ नका. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या जुन्या कॉलेजच्या बॅगेचे कप्पे एकदा उलटे करून पाहा, लाल टोपणे तिथेच सापडतात.